एकशे तेरानंतर

केंद्र, मंगळवार, ३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. बाकीचं खाली आहे.

१. रविवार, १ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. केंद्राच्या तलावावर दुसऱ्या वर्षाच्या कॅडेटांचा सराव. नाव मुद्दाम उलटवायची, तिच्याखालून बाहेर यायचं, नाव पुन्हा सुलटी करायची.

२. चार नावा, प्रत्येकीत तीन, एकूण बारा कॅडेट. बचावनावेत धाकटे सर. काठावर नोंदीसाठी एक व्यक्ती.

३. तिसरी नाव उलटल्यावर दोघी वर आल्या, तिसरी आली नाही. दोघींना वाटलं, ती पलीकडच्या अंगाने निघाली असेल. तिच्या जाकिटाचा पट्टा नावेतल्या बाकाच्या कडीत अडकला होता.

४. एक डोकं कमी आहे हे लक्षात आल्यावर घड्याळ सुरू करण्यात आलं. धाकट्या सरांनी नावेखाली जाऊन पट्टा कापला. घड्याळात चाळीस सेकंद.

५. वर आणली तेव्हा शुद्ध नव्हती. धाकट्या सरांनी तोंडाने श्वास दिला. मग ती खोकली आणि तिला उलटी झाली.

६. दवाखान्यात एक दिवस ठेवून घरी सोडलं. कागदावरचा शेरा असा: पाण्याखाली चाळीस सेकंद. प्रकृती चांगली. चार आठवड्यांनी पाण्यात उतरायला हरकत नाही.

७. ती मुलगी म्हणजे आपल्या ताईची भिंगरी.

ताईचं पत्र तुझ्याकडे पोचायच्या आत हे पोचावं म्हणून आजच्या गाडीने पाठवते आहे. इथे फोन लागत नाही हे तू जाणतोसच, आणि लागला तरी तुला फोनवर ऐकू येत नाही. भिंगरी ठीक आहे. काल ताईच्या घरी तिने दोन वेळा जेवून तिसऱ्यांदा डबे उघडून पाहिले. सगळ्यात जास्त राग तिला जाकीट कापलं याचा आहे.

मी आखलेल्या प्रशिक्षणाच्या आराखड्याबद्दल एक गोष्ट तुला सांगायला हवी. तू इथे मुख्य प्रशिक्षक असतानाची मोजणी मी या वर्षापासून काढली होती. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक कॅडेटमागे काठावर एक जण दुसरं काहीही न करता मोठ्याने आकडे म्हणत उभा, म्हणजे निम्मी तुकडी कायम कोरडी. मी हिशेब केला: दर सरावात ऐंशी मिनिटं, वर्षाला सदतीस सराव, तीन वर्षांत एकशे अठ्ठेचाळीस तास. इतका वेळ मुलांना पाण्यात जास्त मिळणार होता. पूर्वी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची वेळापत्रकं आखताना आमचा नियम असे की ज्या कामाचं कारण कुणालाच सांगता येत नाही, ते काम काढायचं. केंद्राच्या नियमपुस्तकात चौसष्ट नियम आहेत. त्रेसष्ट नियमांपुढे कारण लिहिलेलं आहे. मोजणीपुढचा रकाना कोरा आहे.

संपूर्ण आराखडा, एकशे छप्पन्न आठवड्यांचा, मी तुला जानेवारीत पाठवला होता. त्यावर तू एकच शब्द लिहून पाठवलास, सुंदर. तो मी भिंतीवर लावलेल्या तक्त्याच्या कोपऱ्यात टाचला होता. काल काढून ठेवला.

केंद्राच्या समितीचा निर्णय असा की पाण्याचा सराव २९ मार्चला पुन्हा सुरू करायचा. त्याआधी आराखड्यावर माझी सही हवी आहे.

तब्येतीला जप. लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट कळव, अंदाजाने राहायला मला जमत नाही.

तुझी भाची


रविवार, ८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. देवाची दया की पोर हाती लागली. तुझ्या ताईचंही पत्र आलं. तिच्या चार पानांत साडेतीन पानं रडणं आणि अर्ध्या पानात माझ्या पथ्याची चौकशी. तुझ्या दोन पानांत रडणं कुठे आहे ते शोधायला मला भिंग लागलं.

पण सापडलं. तुझ्या पत्रात घड्याळ सुरू करण्यात आलं. काठावर एक व्यक्ती होती. बाई गं, तू पाच वर्षांची असताना दुधाचं पातेलं लवंडलंस, तेव्हाही मला येऊन सांगितलं होतंस की पातेलं लवंडण्यात आलं आहे. तुझी आई मागे उभी. तिला पातेलं हा शब्द काही केल्या सापडेना, नुसतं ते गोल, ते गोल, करत हसत बसली, आणि आपण सगळे तिच्यावर हसलो. आठवतं का? ती व्यक्ती कोण, ते मी विचारत नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग.

आता माझी तीन कामं कर. भिंगरीला सुई ओवायला लाव. स्वयंपाकघरात उभी करून एकेका वस्तूवर बोट ठेव आणि तिला नाव सांगायला लाव, भराभर, थांबू न देता. आणि भरलेला कप उचलताना तिचे हात कसे राहतात ते बघ. हे एकदा करून भागणार नाही. तीन आठवडे तरी अधूनमधून करत राहा. ताईला यातलं बोलू नकोस, ती आधीच हळवी. कारण विचारू नकोस. म्हाताऱ्याला चाळे सुचतात असं समज हवं तर.

चाळीस सेकंद हा आकडा तुला पक्का माहीत आहे ना? तुझे आकडे पक्केच असतात म्हणा.

माझं बरं चाललं आहे. घरमालकीण मला रोज सकाळी जिना दोनदा चढायला लावते. सव्वीस वर्षं मुख्य प्रशिक्षक म्हणून मी लोकांना पळवलं, त्याचा सूड ती एकटी घेते आहे.

पत्राची वाट बघतो. नेहमी बघतो त्याहून जास्त.

तुझा मामा


केंद्र, शुक्रवार, १३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी तुझं पत्र घेऊन आलेल्या शिध्याच्या गाडीनेच मी खाली ताईकडे गेले. काल परतले.

सुई: पहिल्या प्रयत्नात ओवली. वस्तू: एकवीस विचारल्या, एकवीस सांगितल्या, आणि शेवटी मावशी ही कसली परीक्षा, नापास झाले तर जेवायला मिळणार नाही का, असंही विचारून घेतलं. कप: हात स्थिर. तू सांगितलंस म्हणून हे केलं. कशासाठी केलं ते मला सांगता येत नाही, कारण तू कारण सांगितलेलं नाहीस. कोरे रकाने मला सोसत नाहीत हे तुला ठाऊक आहे.

आकड्याबद्दल. ताई बाजारात गेली होती तेव्हा भिंगरीने मला सांगितलं की नावेखाली ती मोजत होती. लहानपणी तूच तिला हौदात शिकवलं होतंस म्हणे, की पाण्याखाली भीती वाटली तर मोजायचं, आकडा तुटू द्यायचा नाही. तिने एकशे तेरापर्यंत मोजलं. एकशे तेरानंतर तिला काही आठवत नाही.

मी तिला खोलीत बसवून मनात मोजायला सांगितलं आणि हातात घड्याळ धरलं. एकशे तेरावर तिने बोट वर केलं तेव्हा एकशे नऊ सेकंद झाले होते. पुन्हा केलं. एकशे अकरा. मुलगी बरोबर मोजते.

म्हणजे चाळीस हा आकडा पक्का नाही. घड्याळ चालू झालं तिथपासूनचे ते चाळीस आहेत. त्याआधीचे किती, ते कागदावर नाही.

ती व्यक्ती मी होते. नोंदीचा तक्ता माझ्या हातात होता. घड्याळ एकच, नावा चार. दुसऱ्या नावेचा वेळ लिहिताना माझा सात एकासारखा दिसला. मी तो खोडला, पुन्हा लिहिला, आणि रेघेत बसला नाही म्हणून तिसऱ्यांदा लिहिला. मान वर केली तेव्हा तिसऱ्या नावेजवळ दोनच डोकी होती. मग मी घड्याळ दाबलं. तुझी पद्धत असती तर तिच्या मोजणाऱ्याचा आवाज चढत चढत वीस, तीस, चाळीस असा गेला असता आणि काठावरच्या दगडांनीही मान वळवली असती. पाहुणे अधिकारी त्याला पाढ्यांचा वर्ग म्हणून हसायचे. मीही हसले आहे.

समितीच्या अध्यक्षांना मी हे तोंडी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मुलगी धडधाकट आहे, तिच्या आईची तक्रार नाही, डॉक्टरांचा शेरा स्वच्छ आहे, तेव्हा नसत्या खपल्या काढू नका. शिवाय घाबरलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने पाण्याखाली मोजलेले आकडे कुणी धरत नाही. मी उठताना त्यांनी आठवण केली की सही २८ तारखेपर्यंत हवी आहे.

समितीला दिलेला अपघाताचा अहवाल मी अजून बदललेला नाही. हे तुला लिहिताना मला स्वतःची लाज वाटते आहे. अध्यक्षांची भीती नाही. अहवाल बदलला की ताई तो वाचेल, आणि मी कुठे बघत होते ते तिला कळेल. तक्त्यासमोर उभी राहते तेव्हा २९ मार्चच्या खणात टोचलेली निळी टाचणी दिसते. काढून परत टोचते. आज चार वेळा.

सुई आणि कप कशासाठी, ते आता सांग.

रागाव, पण उत्तर पाठव.

तुझी भाची


बुधवार, १८ मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

आज विनोद सुचत नाही. सरळ लिहितो.

जानेवारीत तू पाठवलेला आराखडा मी ओळ न् ओळ वाचला होता. सुंदर लिहिलं ते खोटं नव्हतं. पण पाण्याच्या सरावापुढे मोजणारा नाही हे मला दिसलं होतं. तासभर त्या ओळीकडे बघत बसलो. पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. निवृत्त झालेल्याने मागचं धरून बसू नये, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगत असतो. आणि मी लिहिलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. ते सांगायची माझी तयारी नव्हती. म्हणून एक गोड शब्द लिहिला आणि पाकीट बंद केलं. तेव्हा तू एकटीने सगळं डोक्यावर घेऊ नकोस. तू तिसऱ्यांदा सात लिहीत होतीस, मी इथे बसून सुंदर लिहीत होतो.

मोजणी कुठून आली ते सांगतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी केंद्राची पहिली तुकडी. मी एकवीस वर्षांचा, नवाकोरा प्रशिक्षक, गळ्यातली शिटी जेवतानाही न काढणारा. एक मुलगी नावेखाली राहिली. किती वेळ, कुणाला ठाऊक नाही. मी काठावर पाठ करून दुसऱ्यांना दोराची गाठ शिकवत होतो. ती वर आली, खोकली, आणि माझा चेहरा बघून हसायला लागली. दोन आठवडे अगदी ठणठणीत होती. आम्ही म्हटलं, सुटलो. तिसऱ्या आठवड्यात

(इथल्या तीन ओळी खोडल्या आहेत. उजेडात धरून बघू नकोस, मी नीट गिरवल्या आहेत.)

ती जगली. पुष्कळ जगली. संसार केला, मुलं वाढवली. पण मी पहिल्यासारखा राहिलो नाही. त्यानंतर माझ्या काठावर मोजल्याशिवाय कुणी डोकं बुडवलं नाही. कारण लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर नाव लिहावं लागलं असतं. आणि लोकांनी विचारलं असतं की तेव्हा प्रशिक्षक कोण होता.

आता एवढंच कर. मोजणी परत लाव. अहवालात काय लिहायचं ते तू ठरव, पण हे जुनं त्यात आणू नकोस. गेलेल्या माणसाला त्रास कशाला. हे पत्र वाचून फाडून टाक.

भिंगरीची तिसऱ्या आठवड्याची सुई ओवून घेतलीस का? आधी तेवढं कळव.

तुझा मामा


शनिवार, २१ मार्च

चि. धाकटीस,
सप्रेम आशीर्वाद.

मंगळवारच्या गाडीने तुझ्या हातात हे पडेल. गेल्या आठवड्यात आलीस काय, पोरीला सुई ओवायला लावलीस काय, आणि चहा अर्धा टाकून पळालीस काय. तू लहानपणी न्हाणीघराच्या दारावर कोण किती वाजता अंघोळ करणार याचा तक्ता लावला होतास. त्यात आईला सात मिनिटं आणि बाबांना चार. बाबा बिचारे साबण डोळ्यात घेऊन बाहेर यायचे. तेव्हापासून तुझं काही खरं नाही.

आमचं सगळं ठीक. भिंगरी शाळेत जाते आहे. भूक थोडी कमी झाली आहे, पण ती मैत्रिणींबरोबर बाहेर काहीबाही खाते, त्यामुळे असेल. एक गंमत सांगते. पोरगी हुबेहूब आईची नक्कल करायला लागली आहे! परवा जेवताना मला म्हणाली, आई, ते पांढरं दे. मी विचारलं, कुठलं पांढरं? तर बोटं चोळून दाखवते, ते गं, ते पांढरं. म्हणजे मीठ! मी हसून हसून वाकले. आपली आई अशीच करायची ना. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. आई गेली तेव्हा ही अकरा वर्षांची होती, तरी किती बारकाईने लक्षात ठेवलं आहे बघ. कपसुद्धा आईसारखा दोन्ही हातांत धरते.

पण गंमत एकदाच बरी. काल सकाळी शर्टाची बटणं लावायला तिने इतका वेळ लावला की बस चुकली. तेव्हाही तेच सोंग, बोटं थरथरत ठेवायची. मी ओरडले. म्हटलं, आजीला लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणून तिचे हात तसे होते, त्याची थट्टा करतेस, लाज नाही वाटत? तर फुरंगटून बसली. मी नक्कल करत नाही, म्हणाली. शाळेतूनही चिठ्ठी आली आहे, अक्षर बिघडलं म्हणून. पाण्यात उतरायचं म्हणून सगळं लक्ष तिकडे लागलं असणार. २९ तारीख तिने भिंतीवर लिहून ठेवली आहे.

गणवेश धुऊन इस्त्री करून ठेवला आहे. नवीन जाकीट केंद्राकडून मिळणार आहे ना? पट्टे नीट तपासून दे हो. तू आहेस म्हणून मला काळजी नाही.

वेळेवर जेवत जा. इतक्या दुरून ओरडता येत नाही म्हणून लिहिते.

तुझी ताई


ताईच्या घरून, मंगळवार, २४ मार्च, संध्याकाळ

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आज सकाळी अकराला मिळालं. ते मी या पाकिटात ठेवते आहे. आधी ते वाच, मग हे पुढे वाच.

तिचं पत्र उघडलं तेव्हा तुझं १८ तारखेचं पत्र माझ्या टेबलावर होतं. मी ते फाडलं नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवली. एकात वाक्य तिसऱ्या आठवड्यात असं तुटलं आहे, आणि दुसऱ्यात तिसरा आठवडा सुरू आहे. गाडी निघायला वीस मिनिटं होती. तेवढ्यात मी तीन गोष्टी केल्या. अहवाल बदलला: पाण्याखालचा काळ अज्ञात, एकशे नऊ सेकंदांहून कमी नाही, घड्याळ उशिरा सुरू झालं, घड्याळ माझ्या हातात होतं. त्याची प्रत अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. दुसरं, आराखड्यावर सही करणार नाही असं लिहून दिलं. तिसरं, निळी टाचणी काढून खिशात टाकली.

दुपारी तीनला इथे पोचले. भिंगरी पायरीवर बसून बुटाचा बंद बांधत होती. मला पाहून हसली, आणि चुकलेल्या सरावांचे दिवस तिला आराखड्यात भरून मिळतील का, असं विचारलं. सराव हा शब्द तिला लगेच मिळाला नाही. तिने हाताने वल्ही मारून दाखवली. मी तिला बंद बांधू दिला. बांधताना ती तोंडातल्या तोंडात मोजत होती. पन्नाशी ओलांडली तेव्हा मीच वाकून बांधला.

ताईला मी स्वयंपाकघरात उभ्यानेच सगळं सांगितलं, काठावर मी होते हेसुद्धा. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्चीवरचा इस्त्रीचा गणवेश उचलला, नीट घडी केली आणि कपाटात सगळ्यांत खाली ठेवला. मग एवढंच म्हणाली की मी पोरीला नकला करते म्हणून ओरडले. जेवणाचं ताट मात्र माझंही वाढून झाकून ठेवलं आहे.

चारला डॉक्टरांकडे गेलो. ज्यांनी चाळीस सेकंद लिहिले तेच. मी त्यांना खरा आकडा दिला. त्यांनी भिंगरीला नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला हात लावायला सांगितलं. तिचा हात दोनदा चुकला. त्यांनी हसून तिला बाहेर बसवलं, आणि दार लावल्यावर त्यांचं हसू गेलं. पाण्याखाली श्वास कोंडलेलं माणूस आधी बरं होऊन मग दोन-तीन आठवड्यांनी असं बिघडू शकतं, क्वचित, पण बिघडतं, आणि कधी कधी हा कल घराण्यात असतो, असं ते म्हणाले. आणि लगेच विचारलं, रक्ताच्या नात्यात आधी कुणाला असं झालं होतं का.

ताई म्हणाली, नाही. आमच्या आईचे हात कापायचे, तिला शब्द सापडायचे नाहीत, पण ते लहानपणच्या तापाने. मी ताईचं तोंड बघत होते. बोलता बोलता ती थांबली.

मामा, आई पहिल्या तुकडीत होती. केंद्राच्या जिन्यातल्या फोटोत ती दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी आहे, आणि गळ्यात शिटी घातलेला तू तिच्या मागे. मी रोज तिथून चढते. तिला ताप आला होता असं आम्हाला कुणी सांगितलं ते मी आज आठवून पाहिलं. आईने नाही. बाबांनीही नाही. दर वेळी तूच.

तुला जाब विचारायला हे लिहीत नाही. तो हक्क मी १ मार्चला घालवला. तू पाठ वळवून गाठ शिकवत होतास, मी मान खाली घालून सात लिहीत होते. मला आता फक्त खोडलेल्या तीन ओळी हव्या आहेत. मी त्या उजेडात धरून पाहिल्या. खरंच नीट गिरवल्या आहेस.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारी, २७ तारखेला, सकाळी दहाला मिळाली आहे. त्यांना देण्यासाठी पुढचं लिहून दे, तुझ्या अक्षरात, खाली सही करून:

१. ती मुलगी आई होती का. हो किंवा नाही.

२. हात कितव्या दिवशी थरथरायला लागले आणि शब्द कितव्या दिवशी जायला लागले. दिवस आठवत नसेल तर अंदाज चालेल. मी चालेल म्हणते आहे, यावरून काय ते समज.

३. बिघडणं किती दिवस वाढत गेलं आणि कुठे थांबलं.

४. त्या वेळी काय औषध दिलं, आणि काय केल्याने तिला बरं वाटायचं. पूर्ण विश्रांती दिली होती की तिला चालतं-फिरतं ठेवलं होतं.

५. काही परत आलं का. हे सगळ्यात आधी लिहिलंस तरी चालेल.

नियमपुस्तक मी सोबत आणलं आहे. मोजणीपुढचा रकाना अजून कोरा आहे. त्यात काय लिहायचं ते मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही. तुझं पत्र आलं की तू लिहिलेलं तसंच उतरवून घेईन, नावासकट. २९ तारखेला पाण्यात कुणी उतरणार नाही. त्यानंतर उतरतील तेव्हा प्रत्येकामागे एक जण मोजत उभा असेल. एकशे अठ्ठेचाळीस तास मी परत केले.

भिंगरी शेजारच्या खोलीत आहे. ताई तिच्यासमोर एकेक वस्तू धरते आहे आणि ती नाव सांगते आहे. मला इथून ऐकू येतं. मधे जेव्हा शांतता होते तेव्हा मी मोजायला लागते.

गाडीवाले काका उद्या सकाळी तुझ्या गावाकडे निघतील आणि हे तुझ्या हातात देतील. तू लिहून होईपर्यंत ते दारात थांबतील, मी त्यांना तसं सांगितलं आहे. गुरुवारी, २६ मार्चला, संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर हवं आहे.

तुझी भाची